शंभरपैकी त्र्याण्णव

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११.
आजपासून रोज लिहायचं. नात झाली. सातव्या महिन्यातच, वजन नऊशे ऐंशी ग्रॅम. नम्रताचं बीपी चढलं म्हणून डॉक्टरांनी घाई केली. ती वरच्या मजल्यावर, नात खाली काचेच्या पेटीत. जावई पुष्कर कतारला, पुढच्या सोमवारशिवाय तिकीट नाही. म्हणजे कारभार माझ्याकडे. काळजी नाही. मार्केट यार्डात चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त केले, तेही कुणी न शिकवता. ग्रॅम मला कळतात.

४ नोव्हेंबर.
पेटीजवळ नवा स्क्रीन. ए.आय. आहे. नाडी, श्वास बघून बाळाला शंभरपैकी मार्क देतं. घसरले की ओरडतं. आपले ९१! शर्मिला सिस्टरांना विचारलं, यावर विश्वास आहे ना? म्हणाल्या, आहे की आजोबा, आम्ही तिघी आणि बाळं तेरा, मदत हवीच. पण सासूसारखं आहे, वायर सैल झाली तरी बोंब. दुसऱ्या सिस्टर म्हणाल्या, आमच्यावर नजर ठेवायला आणलंय झालं. मी समजावलं, माणूस खोटं बोलतो, काटा बोलत नाही. पटलं असावं. हसल्या दोघी.

५ नोव्हेंबर.
सिस्टर म्हणाल्या, हात धुऊन या, बोट द्या, बघा कसं धरते. दिलं. धरलं. आणि मार्क ८४! झटकन हात काढला. वजन चालू असताना काट्याला हात लावायचा नसतो, हमालालाही कळतं. सिस्टर म्हणाल्या, आजोबा, ती काही तुरीची गोणी नाही. हलली म्हणून मार्क हलले, येतील पाच मिनिटांत. आले. तरी संकल्प: पोरीला उगाच कुणी हात लावणार नाही, हे मी बघायचं.

६ नोव्हेंबर.
संकल्प चालू. लंगोट बदलताना टोकलं. सिस्टर म्हणाल्या, मग सांगा तुमच्या ए.आय.ला, बदल म्हणावं.
दुपारी म्हणाल्या, उद्या आईला व्हीलचेअरवरून आणू या, बाळाला छातीशी धरू दे. ती ऊब पेटीत नसते. नम्रताला तुम्हीच सांगा. मी बरं म्हटलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.
नम्रताला सांगितलं, सिस्टर सोमवारी या म्हणाल्यात. सिस्टरांना सांगितलं, नम्रताला चक्कर येते, ती नको म्हणते. थोडं इकडचं तिकडे केलं. दोघींच्या भल्यासाठीच. सोमवारपर्यंत मार्क ९५ होतील, पुष्करही येईल. नम्रतानं तीनदा विचारलं, बाबा, तेव्हा हात तरी लावू देतील ना? डोळ्यांत पाणी. अशक्तपणा आहे.

८ नोव्हेंबर. दुपार.
९३! सोमवारी पेढे वाटायचे, अख्ख्या वॉर्डात.
शर्मिला सिस्टर स्क्रीन सोडून पोरीच्या पोटाकडे बघत उभ्या. म्हणाल्या, आज हिचा रंग मला आवडत नाही. मी बोटानं ९३ दाखवले. त्यांनी डॉक्टरांना बोलावलंच. उगाच घाबरतात.

संध्याकाळ.
मार्क ६८. मग लाल. यंत्र ओरडलं तेव्हा सिस्टर आधीच तिथे होत्या, सलाईन लागलं होतं. रक्तात जंतू गेलेत म्हणे. सिस्टर स्वतः वर धावल्या, नम्रताला आणायला. तिला इंजेक्शन देऊन झोपवलेलं. उठेना. मी म्हटलं, असू दे, सोमवार ठरलाय ना.

९ नोव्हेंबर, रविवार.
सकाळी सहा दहाला गेली.
सिस्टरांनी एकेक वायर हलक्या हातानं सोडवली, जणू दुखेल. मऊ दुपट्यात गुंडाळून माझ्याकडे दिली. कुठलीही वस्तू हातात घेतली की मी वजन सांगतो. नाही सांगता आलं.

दुपार.
नम्रतानं विचारलं, बाबा, मी शुक्रवारी येऊ शकले असते. सोमवार कुणी सांगितला? सिस्टरांनीच ना?
शर्मिला सिस्टर पलंगाशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, हो गं बाळा, मीच सांगितलं होतं. माझं चुकलं.
नम्रतानं तोंड फिरवलं. त्यांच्याकडून.