होडीचे डोळे

चिरंजीव विस्तीन यास,

थोरल्या भावाचे, म्हणजे स्पीरूचे, आशीर्वाद. गुडघा कसा आहे? मेलबर्नच्या थंडीत तो कुरकुरत असणारच. माझी प्रकृती माझ्या मतांइतकीच स्थिर आहे.

तुझ्या शेजाऱ्यांचा जो विद्यार्थी सुटीत हिंडायला निघाला आणि तू माल्टात माझ्याकडे धाडलास, तो केलम सुखरूप आहे. तुझी होडी नाही. पाहुणचाराची उतराई म्हणून त्याने धक्क्यावर पडलेली ती होडी घासायला घेतली (मी नकार दिला नाही, कारण त्याने विचारले नाही) आणि जुन्या रंगाबरोबर नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, रंगवलेला डावा डोळाही खरवडला. आतले लाकूड सुंदर आहे, हे त्याचे समर्थन. लाकूड सुंदर आहे, हे मान्य. तेवढ्याने होडीने आंधळे व्हावे, हे सिद्ध होत नाही. जाळी सांधणारी जुझा ओरडली, "अरे मेल्या, तिनं आता समुद्र काय चाचपत हिंडायचा?" धक्काभर हशा पिकला. पोरगा रडवेला झाला, तेव्हा तिनेच त्याला तेल-टोमॅटो चोळलेला पाव भरवला.

उजवा डोळाही आता नाही. हे रंगवलेले डोळे होडीला संकटातून राखतात, यावर माझा विश्वास नाही, हे तू जाणतोस. परंतु आंधळी होडी पाण्यात लोटायला आपल्या गावात कोणी हात लावत नाही, आणि आणखी एक वर्ष कोरड्यावर राहिली तर तिच्या फळ्या उकलतील. लाम्पुकी मासळीचा हंगाम तोंडावर आला आहे. रंगारी नेनू म्हणतो, "वकीलसाहेब, एक असता तर त्यावरून दुसरा बेतला असता. दोन्ही गेल्यावर रेघ मालकानंच मारायची, मी नुसता रंग भरणार." मालकाचा भाऊ चालेल का, असे मी विचारले. "तुम्ही? तुम्ही काढलेले डोळे माशांची उलटतपासणी घेतील!"

मालक मेलबर्नला आहे. मी तुला ये म्हणत नाही. दरवर्षी तू 'पुढच्या वर्षी' लिहितोस, तेही मी निमूटपणे वाचतो. वस्तुस्थिती मांडली, निष्कर्ष तुझा.

तुझा,
स्पीरू

ता. क. केलमला रागावू नकोस. पोरगा गुणी आहे, फक्त दुपारी फार गाढ झोपतो.

पुन्हा ता. क. उजवा डोळा त्याने खरवडलेला नाही. तो झोपला असता मी खरवडला. एक शाबूत राहिला असता तर नेनूने संध्याकाळपर्यंत काम उरकले असते.