माथ्यावरचं श्री

शहापूर,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. प्रियांका हिस मामाचा आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. मुरबाडला तुमचं हळवं भात कापून झालं, गरवं अजून उभं आहे. तुझी आई उद्या पुण्याला निघते, तिच्या पिशवीत हे पत्र टाकतो. तू माझा फोन उचलत नाहीस आणि कंपनीच्या मेलवर लिहिलं तर चार जण वाचतात. म्हणून कागद.

आता मुद्द्याचं. परवाच्या मीटिंगमध्ये सुनील साहेबांनी विचारलं, फाइल बिघडली कुठे? तू पडद्यावरून म्हणालीस, "साइटवर कॉपी करताना बिघडली असेल, सर." वाशिंदच्या गोदामात सिस्टिमला हात लावणारा माणूस एकच आहे आणि तो तुझा सख्खा मामा आहे. मामाला साइट म्हणतात, हे मला नवीन होतं.

काय झालं ते लिहितो, तुला माहीत असलं तरी. पुण्याहून सिस्टिममधला बदल येतो तो दोन फाइलींत. एकीत खुद्द बदल, दुसरीत त्याची माहिती. दोन्ही निघाल्या तशाच पोचायला हव्यात. दसऱ्याच्या सुट्टीत गेटपासची जुनी पद्धत बंद केली, तुझ्या फाइली चढवायला घेतल्या, तर सिस्टिम म्हणते, अवैध फाइल. नावं ताडली, जोडी तपासली, पुन्हा उतरवून घेतल्या. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी गेटपास निघेना, गाड्यांची रांग हायवेला टेकली आणि ड्रायव्हर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागले. कोंडू वॉचमन येऊन म्हणतो, "भाऊ, तुमच्या कॉम्प्युटरला आज उपास हाय का? काय वाढाल त्याला नाय म्हनतं."

मग आकार पाहिला. माहितीची फाइल मुळातल्यापेक्षा किंचित जास्त भरली. उघडली. पहिल्याच ओळीत, सगळ्याच्या वर, श्री.

तुमच्या चाचणीच्या सिस्टिममधून मूळ फाइल थेट ओढली, ती एका दमात चढली, गाड्या सुटल्या. त्याचं कौतुक कुणी केलं नाही. उलट चौकशी होईपर्यंत माझा पासवर्ड काढून घेतला. आता बदल चढवायला पुण्याहून हितेश येतो आणि मी त्याला चहा कुठे चांगला मिळतो ते दाखवतो.

दसऱ्याचा मुहूर्त, तुझं पहिलं स्वतंत्र काम. श्री दुसऱ्या कोणाच्या हातून पडणार? आमच्या घरी शिकलीस तेव्हा पहिल्या पानावर ते घालायला मीच लावलं. पण कॉम्प्युटर शिकवताना हेही बजावलं होतं की नाही, तयार फाइल उघडून सेव्ह करायची नाही? यंत्राला बाहेरून झेंडूचा हार घाल, आत बोट घालू नको. अर्धंच लक्षात ठेवलंस.

चुकीचा राग नाही. खरं तर ती ओळ बघून क्षणभर मला... राहू दे. राग त्या "साइटवर"चा आहे.

मीटिंगमध्ये माझ्या ओठावर आलं होतं. पण पडद्यावर तू कानातल्याशी चाळा करत होतीस, लहानपणी गणित चुकलं की करायचीस तसा. मी माइक बंद केला.

तुझी नोकरी अजून पक्की नाही, ठाऊक आहे. तुझ्या आईला, चंदाला, फाइलीचं काही कळत नाही, तू रडलीस एवढं मात्र कळलंय. सारखी म्हणते, "दादा, पोरीला बोलू नको रे. नाय तर दिवाळीला यायची नाय."

बुधवारपर्यंत माझ्याकडून लेखी खुलासा मागितलाय. तो पटला नाही तर गेटवर पावत्या फाडायला बसवणार. माझ्या हातून बिघडली, असं खोटं मी लिहिणार नाही. तुझं नावही लिहिणार नाही. लिहीन ते एवढंच : कारण मला माहीत आहे, सांगणार नाही. त्याचा अर्थ साहेब काय लावतील, ते तुला कळतं.

आईबरोबर नव्या भाताचे पोहे पाठवलेत, डब्यात भर. या पत्राच्या माथ्यावर श्री नाही, हे तू पहिल्यांदाच पाहिलं असशील. मी ते कधी चुकवत नाही. साहेबांना काय कळवायचं ते बुधवारच्या आत तू ठरव. कळवून झालं की मला दोन ओळी लिही आणि त्यावर श्री तू घाल. कागदावर चालतं.

साइट नव्हे, तुझा मामाच,
काळूराम