सोमवारचं मलम

सोमवार, १

दर्शनी टेबलावरची नवी मुलगी आली! डॉक्टरीणबाईंनी परस्पर निवडली. दवाखान्याची माणसं सांभाळायची मी, आणि मला विचारलंसुद्धा नाही! कपाळापासून डाव्या गालापर्यंत कोड — वर पावडरीचा हातही नाही. त्वचेच्या दवाखान्यात, अगदी दारातच! आतल्या भिंतीवर मी लिहिलेली नियमांची पाटी आहे. नियम सातवा : 'दर्शनी टेबलावर चेहरा नितळ हवा.' बाईंना दाखवली.

"वाचलीय मी. महिनाभर बघा. तीस तारखेला तुम्हीच सांगा, ठेवायची की नाही. तुम्ही म्हणाल तसं."

म्हणजे खापर माझ्या डोक्यावर.

मग सोमवारचं मलम. आम्ही दिवसातून पन्नासदा हात धुतो, बोटांची सालपटं निघतात. म्हणून सोमवारी दार उघडायच्या आधी गोल बसायचं नि शेजारच्याच्या हातांना मलम चोळायचं — सिस्टरने पाडलेली पद्धत. मी नेहमीसारखे स्वेटरातून नुसते पंजे बाहेर काढले. "ताई, एवढ्या उकाड्यात स्वेटर?" नवीने विचारलं. कंपाउंडर म्हणाला, "त्यांना एसी बाधतो. आम्ही स्वेटरताईच म्हणतो!" सगळे हसले. मीही हसले.

गुरुवार, ४

कंपाउंडरला आम्ही भोंगा म्हणतो, ते उगाच नाही. आजवर तोच पुकारायचा — "खाजवाले काका, चला! केसगळतीवाल्या मावशी, आत!" नवीने घरून रंगीत पुठ्ठ्याची टोकनं कापून आणली. आता फक्त "पिवळा तीन", "हिरवा पाच". कोणाला काय झालंय ते त्याला ठाऊक नि डॉक्टरला ठाऊक. अकरा वर्षं इथे आहे, मला हे का सुचलं नाही?

मंगळवार, ९

एक चिमुरडी आली होती. हनुवटीवर पांढरा डाग, आईच्या मागे लपलेली. नवीला पाहिलं नि बाहेर आली. "तुझा डाग माझ्यापेक्षा मोठाय!" आई ओशाळली. नवी म्हणते, "मग? मी वयानेही मोठी आहे की!" पोर खिदळत आत गेली. सिस्टरला हसू आवरेना, हातातली पट्टी वाकडी बसली.

शुक्रवार, १२

लेझरवाल्या बाई आल्या होत्या, मोठ्या पर्सवाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "इथल्याच मुलीचं बरं करता येत नाही, माझं काय करणार?"

मी शेपूट घातलं. नवीला मागच्या फायलींच्या खोलीत बसवलं. तात्पुरतं, म्हटलं.

"ताई, माझं काम चुकलं का?"

"नाही गं."

"मग ठीक." एवढंच बोलली. जेवण गेलं नाही मला.

शनिवार, १३

टेबलावर भोंगा. भरल्या खोलीत विचारतो, "खरूज कोणाची?" तिघे उठून गेले. त्यातल्या दोघांना खरूज नव्हतीच!

सोमवार, १५

मलमाला नवी माझ्या शेजारी. वाटलं, रागावली असेल, हात पिरगाळते की काय! छे. एकेक बोट, मग तळवा, मग मनगट. चोळता चोळता स्वेटरची बाही वर सरकली. तिने पाहिलं. थांबली. आणि बाही हळूच खाली ओढून दिली. भोंगा समोरच होता, त्यालाही काही कळलं नाही.

लिहूनच टाकते. इतक्या वर्षांत या वहीतही लिहिलं नव्हतं. माझ्या दोन्ही हातांवर कोड आहे, मनगटापासून कोपरापर्यंत. एसी वगैरे काही बाधत नाही मला. फक्त ह्यांना ठाऊक आहे. डॉक्टरीणबाईंनाही नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि नियम सातवा का लिहिला होता? टेबलावर तसा चेहरा दिसला की लोक माझ्याकडेही निरखून बघतील, ही धास्ती. चोराच्या मनात चांदणं.

त्या पोरीला मी कोंडून ठेवलं, नि तिने माझी बाही सारखी केली. लाज वाटली. खूप.

मंगळवार, १६

पाटी उतरवली. स्क्रू गंजलेले, भोंग्याने ओढली तर प्लास्टरच निघालं. नवीला सगळ्यांसमोर म्हटलं, "चुकलं माझं. चल टेबलावर." ती खुर्चीत बसली नि एक गिरकी घेतली. सिस्टरने टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले, मी उगाच फायली शोधत बसले.

शनिवार, २०

मोठ्या पर्सवाल्या बाई पुन्हा! मी पदर खोचून तयार. तर म्हणतात कशा — "ती मुलगी परत आली ना? बरं झालं. मधे आले तेव्हा टेबलावरच्या त्या माणसाने माझं वय सगळ्यांसमोर विचारलं हो!" पिवळा सात घेऊन गुपचूप बसल्या. मी आत जाऊन पोट धरून हसले.

शनिवार, २७

तीसची वाट कशाला बघायची? डॉक्टरीणबाईंना चिठ्ठी दिली. एकच शब्द : ठेवायची. बाई म्हणतात, "तुम्ही हेच म्हणाल, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं." मग महिनाभर मला का तळलं?! घरी हे म्हणाले, "नवीचं ठरलं. तुझं काय?"

सोमवार, २९

स्वेटर घरीच, खुंटीवर. विसरले नाही, ठेवून गेले.

मलमाला कोपरापर्यंत हात पुढे केले. भोंग्याचा आवाज जन्मात पहिल्यांदा बंद! सिस्टरने नुसतं म्हटलं, "मलम जास्त लागेल," नि दुसरी नळी फोडली.

दार उघडल्यावर टेबलापाशी गेले. "एक टोकन दे गं."

"कोणासाठी, ताई?"

"माझ्यासाठी."

हिरवा एक.