घरच्यांची पंगत शेवटी

२४ नोव्हें., सोमवार
केशोरीची मंडई, दिवाळीनंतरची गावजत्रा. सकाळपासून पाहुणे, चहाचं पातेलं चुलीवरून उतरलंच नाही. दुपारी स्टेजवर चढले तर माइकवाला ओरडला, "येऊन राहिल्या आपल्या भावी कृषी सभापती, शकुनताई!" टाळ्या. मी लटक्या रागाने म्हटलं, भावी-बिवी नका म्हणू हो. खरं लिहायचं तर ऐकून फार बरं वाटलं.

जि.प.च्या समित्यांचे सभापती १२ डिसेंबरला निवडायचे. माझी ही तिसरी टर्म. पहिल्या वेळी म्हणाले, नवीन आहात. दुसऱ्या वेळी पद मित्रपक्षाला गेलं. तेव्हा जिल्हाध्यक्ष बाबूजी भर बैठकीत बोलले होते, "अगली बार कृषी शकुनताई का." सगळ्यांनी ऐकलंय.

मला कृषीच हवं. महिला-बालकल्याण बाईला द्यावंच लागतं, त्यात कसली मेहेरबानी?

२७ नोव्हें.
विलासने घोळ घातला. पुतण्या आहे, बायको-पोरं असलेला माणूस, मोबाईलचं दुकान चालवतो, पण अक्कल? चौकात पानठेल्याच्या वर हा मोठा फ्लेक्स. 'कृषी सभापतीपदी अविरोध निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. माझा फोटो मागच्याच्या मागच्या निवडणुकीतला, केस काळेभोर. खाली शुभेच्छुक म्हणून अर्ध्या गावाची तोंडं.

म्हटलं, अरे, निवड व्हायचीय अजून!
"काकू, होऊनच राहिली ना. मंग ऐन टायमाले प्रेसवाला भाव देत नाई."
हे ओसरीवरून म्हणाले, "बाजारात तुरी..." आणि पुढचं गिळलं.
संध्याकाळच्या आत उतरवायला लावला. तोवर फोटो गोंदियाला पोचला होता.

२८ नोव्हें.
बाबूजींचा फोन. "ताई, ये क्या है? पार्टी पे प्रेशर बना रही हो?" मला माहीत नव्हतं म्हटलं. "आपके गाँव का फ्लेक्स, आपको ही पता नहीं?" फोन बंद.
आता चार उत्तरं सुचून राहिलीत, पण परत फोन लावायची छाती होत नाही. भाजी करपली.

१ डिसें.
गोंदिया, बाबूजींचा बंगला. फ्लेक्सबद्दल एक शब्द नाही. उलट समोसे, चहा, घरच्यांची विचारपूस. मग म्हणाले, "ताई, आप तो घर की हो." तिथेच कळलं.

कृषी मोहितला. दवनीवाड्याकडचा. अपक्ष उभा राहिला, आमचाच उमेदवार पाडून निवडून आला, आणि निकालानंतर आणखी दोन अपक्ष घेऊन पक्षात. या तिघांवर आमची सत्ता टिकून आहे.
"वो नाराज़ हुआ तो सब गया. आप थोड़ी नाराज़ होंगी?"
मी हसले. का हसले? राग आला होता, आणि मी हसले.

घरच्यांनी शेवटच्या पंगतीला बसायचं, हे लग्नात ठीक आहे. इथे दर वेळी माझी पंगत बसली की भात संपतो.

२ डिसें.
ह्यांना सांगितलं. "मंग सोड ना. कायले जीव जारून राहिली?"
सोडता आलं असतं तर. पक्षाच्या सभेत सतरंजी अंथरायला माणूस मिळत नव्हता तेव्हापासून मी आहे. लोक चिन्ह बघून दारं लावून घ्यायचे. तेव्हा हा मोहित शाळेत असेल.

आभाळ भरून आलंय. धानाचे पुंजने, कापून रचलेल्या गंजी, शेतात उघडे. ताडपत्री कमी पडली म्हणून एका पुंजन्यावर ह्यांनी तो फ्लेक्सच घातला, छापील बाजू खाली करून. विचारलं तरी नाही मला. एका कोपऱ्याला दुमडलाय, तिथून माझा एक कान दिसतो.

४ डिसें.
रमेशभाऊ घरी. विरोधी गटाचे नेते, पण माझ्या माहेरच्या गावचे, म्हणून राखी बांधते. ह्यांच्याशी पिकापाण्याचं बोलले, मग मला म्हणाले, "शकुन, तुयं मत अन् तुया केशरबाईचं. दोनच पाहिजे. कृषी तुले."
व्हिप मोडला तर सदस्यत्व जाईल, म्हटलं.
"जाईन तवा पाहू. केस चालू राह्यते, तोवर टर्म खतम."
मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. ते गेल्यावर ओसरी दोनदा झाडली.

केशरबाई दरेकसाकडची, पहिल्यांदाच निवडून आलेली. तिचं तिकीट मीच भांडून आणलं होतं. तिला फोन केला. "ताई, तुमी जिकडं जासान तिकडं मी. पन का करायचं ते सांगा तं खरं." उद्या सांगते म्हटलं.

५ डिसें.
नाही सांगितलं.

९ डिसें.
सहल. निवडणूक आली की सदस्यांना असं बाहेर नेऊन ठेवायचं, हा रिवाज जुना. या वेळी डोंगरातलं एक रिसॉर्ट. मोहित आणि त्याच्या दोघांना स्वतंत्र खोल्या, गरम पाणी, गॅलरी. आम्ही घरच्या बायका एका खोलीत तिघी, त्यात केशरबाई. ज्यांचा भरवसा नाही त्यांची बडदास्त मोठी. मोहितच्या मागेपुढे माणसं.

पण एक गोष्ट लागली. लिहू की नको. गाडीत बसतानाच सगळ्यांचे फोन एका कापडी पिशवीत गोळा करतात. गेल्या दोन्ही वेळा ती पिशवी माझ्याकडे होती. मी दारात उभी राहून एकेकाचा फोन घ्यायची, कुणी कुरकुर केली तर दटावायची. आज बाबूजींच्या माणसाने पिशवी माझ्यासमोर धरली. "ताई, आपला पन."
टाकला. पद नाही मिळालं त्यापेक्षा हे जास्त झोंबलं.
ही वही मात्र कुणी मागितली नाही. बाई हिशेब लिहीत असेल, असं वाटलं असावं.

१० डिसें.
नाश्त्याच्या वेळी बाबूजी शेजारी येऊन बसले. मोहितच्या अर्जावर सूचक म्हणून माझी सही हवी. "सबसे सीनियर आप हो. आपका साइन रहेगा तो अच्छा मैसेज जाएगा." म्हणजे पंगतीत बसायचं नाहीच, वर वाढायचंही मीच. विचार करते म्हटलं. बाबूजी दचकले. मी आजवर त्यांना विचार करते असं म्हटलेलं नाही.

दुपारी मोहित आला. हॉलमध्ये सगळ्यांसमोर वाकून पाया पडला. "काकी, तुमचाच हक्क होता, मले मालूम आहे. पन मीनं नाई घेतलं तं माये दोघं राहत नाईत." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मोठा हो बाप्पा." पाया पडणाऱ्याला दुसरं काय म्हणतात? लोकांनी टाळ्या वाजवल्या.
पोरगा वाईट नाही. तो वाईट असता तर सोपं झालं असतं.

केशरबाई माझ्याकडे बघत होती. खोलीत आल्यावर तिने विचारलं, "मंग झालं का ठरून?" मी पाण्याची बाटली शोधत बसले.

१२ डिसें., जि.प., महिला सदस्यांची खोली
रात्रीच निघालो. मान आखडलीय. अर्ज एक वाजेपर्यंत.

सकाळी फाटकात बाबूजींनी फोनची पिशवी माझ्या हातात दिली. "ताई, बाँट दो सबको. ये काम आपका ही है." मी वाटले. अगदी पूर्वीसारखे, नावं घेऊन. आणि लाज वाटते लिहायला, वाटताना छान वाटलं. इतक्यावर मी खूश होते, हे बाबूजींना माझ्याआधी ठाऊक.

आता समोर टेबलावर मोहितचा अर्ज. सूचकाची जागा कोरी. पर्समध्ये दुसरा अर्ज, रमेशभाऊंचा माणूस जिन्यात देऊन गेला. त्यावर नाव माझं, सूचकाची जागा त्यातही कोरी. केशरबाई शेजारी पेन उघडून बसलीय. विचारत नाही आता. बाहेरून कुणीतरी दोनदा हाक मारून गेलं.

मघाशी ह्यांचा फोन. "ऊन पडलं. पुंजना उघडला. तो फ्लेक्स फाडून गोठ्याले लावू का?"
म्हटलं, आज फाडू नका.
"काऊन?"
एक वाजेपर्यंत थांबा, म्हटलं.