सहाव्या दिवशीची सळई

१९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र काल मिळालं. गुरं ठीक आहेत. आईचा खोकला उतरलाय. वारा पडलाय, कितीतरी दिवसांनी आज कुरणातलं गवत हललं नाही. जळालेल्या गंजीची जागा तेवढी काळी दिसते.

तू सोमवारी येऊन गवतकाकाला कामावरून काढणार आणि पोलिसांत तक्रार देणार, असं लिहिलंस. त्यानं ओलं गवत रचलं, म्हणून गंजी आतून पेटली आणि बाबा गेले, असं तुझं म्हणणं.

गवत ओलसर होतं, हे खरं. पण ढग बघून घाई बाबांनीच केली. काका म्हणाला, "मालक, दोन दिवस वाळू द्या." बाबा म्हणाले, "तोवर पाऊस काय तू खिशात धरून बसणार आहेस?" मग तिघांनी मिळून गंजी रचली.

गंजीत सळई खुपसायची, थोड्या वेळानं ओढून मुठीत धरायची. धरवली नाही तर आत धुमसतंय. लहानपणी तुझाच हात पोळला होता, आठवतंय? यंदा ते काम माझ्याकडे होतं. पाच दिवस सळई थंड निघाली.

सहाव्या दिवशी दुपारी बाबा ताडपत्री घेऊन निघाले. अंगणातून ओरडले, "बघितलीस का गं?" मी कपडे पिळत होते. तिथूनच म्हणाले, "हो, थंड आहे."

बघितली नव्हती, दादा.

ते वर चढले. आतलं गवत जळून पोकळी झाली होती. वरचा थर त्यांच्यासकट खाली गेला.

सळई गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली होती, जिथं मी आदल्या दिवशी ठेवली तिथंच. पोलीस यायच्या आत काकानं ती उचलून राखेत टाकली, म्हणजे ती गंजीतच होती असं वाटावं. काल तो खोलीतली भांडी पोत्यात भरत होता, तेव्हा मी विचारलं, असं का केलंस? म्हणाला, "ताई, मालकीणबाईंना घरात कुणीतरी लागेल. मला काय, गवत कुठंही कापता येतं."

त्याची भांडी मी परत फळीवर लावली. आज सकाळी आईला सगळं सांगितलं. तिचा चहा तसाच राहिला. अजून माझ्याशी बोललेली नाही.

सोमवारी ये. तक्रार द्यायची असेल तर माझ्या नावानं दे.

बाबांना "थंड आहे" म्हणालेली,
तुझी धाकटी