पहिल्या ओढीची टोपली

३ फेब्रुवारी
आमच्या मच्छीमार सोसायटीची अध्यक्ष झाली. बिनविरोध. मासोळ्या साफ करून राह्यली होती तं सचिव प्रल्हादभाऊ आले न म्हणे, "पुष्पाबाई, हात धुवा, सही करा." धुतले तरी वास गेला नाई. कागदाले बी लागला असन. मोहल्ल्यातली बाई या खुर्चीवर पहिल्यांदाच. मंग तलावाच्या पाळीवर गेली, माता मायपुढं डोकं टेकवलं. माये, तुह्या दारची हेलकरीणच राहू दे मले, ओझं वाहणारी. डोळे भरून आले.

५ फेब्रु.
किराणावाला उठून उभा झाला मले पाहून. घरी यायनं पाणी आणून देल्लं, "घ्या, अध्यक्षबाई." लग्नाले बावीस वर्सं झाली, पाणी आज भेटलं. लय चिडवते. पण खोटं काऊन लिहू, बरं वाटलं.

१४ फेब्रु.
मोठ्या तलावात यंदाचं जाळं पडलं. रीत अशी का जाळ्याच्या पहिल्या ओढीची मासोळी मायची. म्हणजे ज्या घरातून पाण्यात उतरणारं कोणी उरलं नाई, अशा पाच घरची. मायपुढं ठेवाची, मंग अध्यक्षानं चपला काढून सोता डोक्यावर टोपली घेऊन घरोघर द्याची. आधीचे सारे फिरले, म्हातारे बी.
आज जिल्ह्यावरून मोठे साहेब आले होते. शाल, हार, फोटो. जाळ्यात मोठा कतला लागला, तो मी साहेबाच्या हातात देल्ला. बाकीची मासोळी पाहुण्याच्या जेवणात गेली. म्हटलं, मायची टोपली दुसऱ्या ओढीतून भरू. दुसऱ्या ओढीत नुसतं शेवाळ.

१५ फेब्रु.
सरूबाईच्या दारावरून गेली. त्या पाच घरातलं एक. लेकी दूर देल्ल्या, एकटीच राह्यते. मी म्हटलं, "बाई, काल..." मंधातच म्हणे, "मसाला वाटून ठेवला होता वं. दिवस बुडेपर्यंत वाट पाह्यली. मंग तोच मसाला भाताले लावला." रागावली नाई. रागावली असती तं बरं होतं.
जेवण गेलं नाई. साहेबानं मागतली नवती, कोणी द्या म्हटलं नवतं. माह्याच हातानं...

१६ फेब्रु.
प्रल्हादभाऊ म्हणे, "झालं ते झालं. सभेत काढू नका, उद्या कोणी तुमचं ऐकणार नाई." घरी येऊन यायले विचारलं. म्हणे, "ऐकणारे ऐकतीन. मायपुढं कोणत्या तोंडानं जाशील ते पाह्य."
चिडवते लय, पण असं कधी बोलत नाई हा माणूस.

१९ फेब्रु.
सभा. उभी झाली. सांगून टाकलं: मायची ओढ मी पाहुण्याले वाटली, चूक माही. मागून कोणी हासलं. एक जण म्हणे, "इतक्या लवकर हवा लागली?" लागली होती. मंग गणपतभाऊ उठले, माह्या आधीचे अध्यक्ष. म्हणे, "माह्या हातून बी एकदा असंच झालं. सांगाची हिंमत नाई झाली." येती ओढ मायची, असं ठरलं. घरी येताना हलकं वाटलं. किती दिवसानं.

२५ फेब्रु.
माय पावली. रोहू, मरळ, टोपली उचलून द्याले दोघी लागल्या. पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं. पाची घरी देल्लं. सरूबाईनं मासोळी उलटीपालटी करून पाह्यली न म्हणे, "लहान देल्ली वं, अध्यक्षबाई." मोठी देल्ली. दोघीबी हासलो. तिनं चहा ठेवला, मी ओल्या लुगड्यानंच बसली.
माये, तुहे उपकार. चुकली तरी कामावरून काढलं नाई तू मले.

२६ फेब्रु.
कालचा विडिओ कोण्या पोरीनं काढला, साऱ्या मोबाईलवर फिरून राह्यला. चिमूरवरून भाचीचा फोन, "मामी, किती साधी आहेस वं तू." तीनदा पाह्यला. चौथ्यांदा पाह्यताना ध्यानात आलं. मोबाईल समोर आला तशी मी पदर नीट केला, अन् चाल हळू केली.
आपलीच आपल्याले लाज वाटली.

२८ फेब्रु.
उद्या लहान तलावाची पहिली ओढ. मोहल्ल्यातल्या पोरी विचारून गेल्या, "काकू, विडिओ काढाले किती वाजता येऊ?" म्हटलं, येऊ नका, काई गरज नाई. त्या वळल्या नाई वळल्या तं मनात आलं, आता म्हणतीन, पाहा, विडिओ बी काढू देत नाई, इतकी साधी.
पाळीवर जाऊन मायपुढं बसली. काई मागतलं नाई. एवढंच म्हटलं, टोपली मी उचलीन, पण हे मनातलं माह्यानं उतरत नाई, तूच उतरव. बरं वाटलं सांगून. उतरलं का नाई, ते उद्या चपला काढीन तवा समजन.