दोन तुताऱ्यांमधला खोकला

३ एप्रिल, केडगाव
आज हातून फार वाईट झालं. तिसगावच्या काझी सरांची कॅसेट पुसली मी. सगळी नाही, सातच मिनिटं. पण नेमकी तीच.

सर तरुणपणी कंपनीकडून वर्षभर जर्मनीत होते, रशिदाभाभी बरोबर. तिथे दोघांनी एक ऑपेरा बघितला. तो रेडिओवर थेट चालू होता, सरांच्या तिथल्या मित्राने घरी बसून कॅसेटवर घेतला. नवऱ्याला सोडवायला बायको पुरुषाच्या कपड्यांत तुरुंगात नोकरी धरते, अशी गोष्ट. नवऱ्याला मारणार तेवढ्यात बाहेर तुतारी वाजते. सगळे गप्प. मग पुन्हा तुतारी. त्या दोन तुताऱ्यांच्या मधे भाभी खोकल्या होत्या. त्यांना जाऊन वीस वर्षं होतील, १२ तारखेला, रविवारी. आवाज म्हणून तेवढाच उरलेला.

कॅसेट देताना सर म्हणाले होते, "बाकीचं कसंबी येऊ द्या. तेवढा खोकला नीट घ्या." पेनड्राइव्हवर हवं होतं. नातवंडांना ऐकवायचं आहे.

४ एप्रिल
कसं झालं ते लिहून ठेवतो, म्हणजे उद्या स्वतःशी खोटं बोलायला नको. वरून काही भरलं जाऊ नये म्हणून सरांच्या मित्राने कॅसेटच्या कडेची पट्टी मोडून ठेवलेली. मी त्या भोकात कागदाचा बोळा घातला. का, तर तीस वर्षं भजनांच्या कॅसेट भरल्या. कॅसेट हातात आली की आधी भोक बुजवायचं, बोटांना दुसरं माहीतच नाही. मधे दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून बंद केली. परत लावताना रेकॉर्डिंगच्या लाल बटणासकट दाबली आणि त्याला मोबाईलची कव्हरं दाखवत बसलो.

तो खोकला मी एकदाही ऐकलेला नाही.

दुपारी सरांचा फोन. झालं का? चालू आहे म्हणालो.

५ एप्रिल
हाच ऑपेरा इंटरनेटवर ढिगाने आहे. आज चार ऐकले. बघायचं एवढंच, तुताऱ्यांच्या मधे कोणी खोकतं का. पहिल्यात नाही. दुसरा स्टुडिओतला, तिथे कोण खोकणार. तिसऱ्यात तुतारी इतकी जवळ की कैद्याच्या उशाशीच वाजते. चौथ्यात खोकला आहे! पण पुरुषाचा, चांगला तंबाखूवाला.

बायकोने, मंगलने, विचारलं, हे काय ओरडणं लावलंय. गिऱ्हाइकाचं काम आहे, म्हटलं.

७ एप्रिल
अकरा झाले. लाजेची गोष्ट म्हणजे आता मजा येते. सरांचं वाटोळं करून मी इथे कोण बरं गातं ते ठरवतोय.

पण ठरतंच. पाचव्यातली बाई पिस्तूल काढते तेव्हा तिचा आवाज चिरतो, अंगावर काटा येतो. सातव्यातली अगदी सुरात, पण नवरा जगला काय, मेला काय, तिला सोयरसुतक नाही. नवरा दोन वर्षं अंधारकोठडीत उपाशी, तरी त्याचा आवाज सगळीकडे खणखणीत. सहाव्यातला तेवढा थकलेला वाटतो. सरांच्या कॅसेटचा उरलेला भाग मागेपुढे लावून बघितला. सहावाच जुळतो. तीच लय, हॉलचा घुमाराही तसाच. पण मधे चक्क शांतता.

सरांना विचारलं, भाभी कशा खोकल्या होत्या? "दाबून. दोनदा. तोंडाला रुमाल हुता तिच्या." आवाजावरून खूश वाटले. का विचारलं, हे नाही विचारलं.

८ एप्रिल
मंगलला चार दिवस खोकला आहे.

लिहायला हात धजत नाही. तिच्यापुढे माईक धरला. पदर धर तोंडाला, म्हटलं, दाबून खोक, दोनदा. कशाला, म्हणाली. मग सगळं सांगावं लागलं.

"मेलेल्या बाईच्या जागी मला बसवता व्हय? सरळ सांगून टाका ना त्यास्नी."

रविवार होऊन जाऊ दे, मग सांगतो, म्हणालो. तेवढ्यात तिला खरीच उबळ आली. तिने पदर लावला. माईक चालू होता.

९ एप्रिल
सहाव्यातली सात मिनिटं घेतली, मधे मं.चा खोकला जोडला. वर कॅसेटची खरखर घातली. कुणाला कळणार नाही. इतकं सफाईदार काम मी आजवर केलेलं नाही, आणि त्याचीच शिसारी येते. मं. बोलत नाही.

११ एप्रिल
सर आले. इथेच ऐकतो म्हणाले. पहिली तुतारी झाली तसं बोट वर केलं. खोकला. डोळे मिटून म्हणाले, "हीच." दोनदा म्हणाले. मी काउंटर पुसत राहिलो.

मं. आतून चहा घेऊन आली. कप ठेवला, मान वळवली आणि पदरात खोकली. दाबून, दोनदा. सरांनी मान वर केली. तिच्याकडे बघितलं, मग कॉम्प्युटरकडे. माझ्याकडे नाही. चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. जाताना तिला म्हणाले, "वहिनी, आल्याचा काढा घ्या. अंगावर काढू नका."

पेनड्राइव्ह खिशात घातला. कॅसेट मागितली नाही.

१२ एप्रिल
सकाळीच सरांचा फोन. दुपारी सगळे ऐकायला बसतायत, तुम्ही दोघं या. "वहिनींना आणाच." आवाजावरून काही कळलं नाही. येतो म्हणालो.

मं. तयार होऊन बसली आहे. कॅसेट पिशवीत घ्या, म्हणाली. घेतली. भोकातला बोळा काढून टाकला, आता काढून काय उपयोग. काय बोलायचं ते तीनदा मनात जुळवलं, तिन्ही वेळा "सर" पाशीच अडकलो.

तिला विचारलं, तिथे खोकला आला तर?

"येऊ दे," म्हणाली. "न्हाई दाबायची मी."